टिकली सुटली तर कोणाला विचारायचं?

दहावी-बारावीच्या निकालाच्या आसपास काही प्रश्न हमखास येतात. ‘सायन्स घेतलंय, पण चित्रकला सोडवत नाही, दोन्ही जमेल असं काही आहे का?’ ‘जे.जे.तून शिल्पकला केली, आता संग्रहालयात शिल्पं दुरुस्त करायला मिळतील का?’ आणि पालकांचा नेहमीचा एक, ‘मुलगी म्हणते आर्ट कॉन्झर्वेशन करणार. पोट भरतं का त्यात?’

विचारणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असतं: पांढरा कोट, हातात कापसाचा बोळा आणि समोर दीडशे वर्षांचं काळवंडलेलं तैलचित्र. ते काम आहेच. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत कलावंतांनी फोम, रबर, प्लास्टिक, स्टीलची भांडी, ताग, मोटरी, ट्यूबलाइट अशा हाताला लागेल त्या साहित्यातून कलाकृती घडवल्या. त्या वस्तू आता म्हाताऱ्या व्हायला लागल्या आहेत आणि त्यांना सांभाळणारी माणसं फार थोडी आहेत. हा लेख त्या कामाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवूया

दुरुस्ती, जतन, संवर्धन, रिस्टोरेशन हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. प्रवेशाच्या मुलाखतीत मात्र इथेच गाडी अडते. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या संवर्धन समितीने २००८ साली नवी दिल्लीतल्या अधिवेशनात या शब्दांची वाटणी करून दिली. ती अशी:

- प्रतिबंधक संवर्धन: वस्तूला हात न लावता तिच्या भोवतीची हवा, प्रकाश, पेटी, कपाट, हाताळणी सुधारणं.
- उपचारात्मक संवर्धन: चालू असलेली झीज थांबवणं. वाळवी, गंज, सुटणारा थर.
- पुनर्स्थापन, म्हणजे रिस्टोरेशन: वस्तू पुन्हा नीट वाचता यावी, समजावी म्हणून केलेली दुरुस्ती.

तिन्ही मिळून संवर्धन. बाहेरून दिसतं ते तिसरं, पण नोकरीतला बराचसा वेळ पहिल्यात जातो. पहिलं कंटाळवाणं वाटत असेल, तर इथेच थांबून विचार करा.

नवी वस्तू जुनीपेक्षा अवघड का?

लग्नासाठी जपून ठेवलेले बूट चार-पाच वर्षांनी कपाटातून काढले आणि मांडवात दहा पावलं टाकताच तळ भुगा होऊन पडला, हा प्रकार तुमच्या नात्यात कोणाच्या तरी बाबतीत घडला असेल. तो तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतो, मग बूट घाला नाहीतर कपाटात ठेवा. पॉलियुरेथेन फोमच्या शिल्पाचंही असंच होतं. दगड आणि कांस्य शतकं काढतात, फोमला काही दशकंही जड जातात.

पण खरी अडचण साहित्याच्या पुढची आहे: या कामात टिकवायचं नेमकं काय? चार उदाहरणं पाहा.

- एव्हा हेस यांचं ‘एक्स्पांडेड एक्स्पान्शन’ (१९६९) लेटेक्स लावलेलं कापड आणि फायबरग्लासचे खांब यांचं आहे. लेटेक्स कडक झालं, काळवंडलं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने अनेक वर्षं ते पेटीतच ठेवलं होतं. संशोधन आणि उपचार करून २०२२ साली ते पुन्हा मांडलं, आणि वय झालेलंच मांडलं. इथे मूळ साहित्य महत्त्वाचं ठरलं.
- डेमियन हर्स्ट यांच्या १९९१च्या कामातला फॉर्मल्डिहाइडमधला शार्क कुजू लागला, तेव्हा २००६ साली दुसरा शार्क घातला. इथे कल्पना महत्त्वाची ठरली.
- मौरित्सिओ कातेलान यांचं ‘कॉमेडियन’ (२०१९) म्हणजे भिंतीला टेपने चिकटवलेलं केळं. केळं बदलतच राहायचं असतं. घेणाऱ्याच्या हाती पडतं ते प्रमाणपत्र आणि मांडणीच्या सूचना. सांभाळायचे ते कागद.
- नलिनी मलानी यांच्या छायानाट्यांत आतून रंगवलेली मायलरची पारदर्शक नळकांडी फिरतात आणि भिंतीवर सावल्या हलतात. रंग शाबूत आहे, पण मोटर थांबली, तर कलाकृती शाबूत आहे का?

आता भारती खेर यांचं २००६ सालचं काम घ्या. जमिनीवर कोसळलेला फायबरग्लासचा पूर्ण आकाराचा हत्ती आणि त्याच्या अंगभर टिकल्या. समजा, अशा एखाद्या कामाची टिकली सुटली. तीच परत लावायची? बाजारातून नवी आणायची? तो रंग आता मिळत नसेल तर? टिकलीचा स्वतःचा डिंक आटलाय की वरून लावलेलं चिकटद्रव्य? आणि हे ठरवणार कोण? या प्रश्नांची उत्तरं एका क्रमाने शोधणं हाच या पेशाचा गाभा आहे. हात चालवण्याची पाळी त्यानंतर येते.

आधी स्वतःला तपासा

- एका वस्तूपुढे तासभर बसून फक्त पाहता येतं का?
- सेंद्रिय रसायनशास्त्राला धास्तीशिवाय सामोरं जाता येतं का? नसेल तर ती धास्ती घालवायची तयारी हवी, कारण इथून सुटका नाही.
- बारीक हातकामाची सवय आहे का? शिवण, मीनाकारी, बारीक रांगोळी, घड्याळदुरुस्ती, काहीही चालेल.
- लिहायला आवडतं का? निम्मं काम टेबलाशी बसून नोंदी करण्याचं असतं.
- ‘हे मी केलं’ असं न म्हणता राहता येईल का? उत्तम उपचार कोणाच्या नजरेत भरत नाही.

पाचपैकी तीन ठिकाणी ‘हो’ आलं तरी पुरे. बाकीची दोन शिकता येतात.

शिक्षण: तुम्ही कुठे उभे आहात, त्यावर वाट ठरते

विज्ञान शाखेत असाल तर रसायनशास्त्र घेऊन पदवी पूर्ण करा. सोबत रेखाटन, मातकाम, साचेकाम यांचा एखादा वर्ग लावा आणि कलेचा इतिहास वाचायला घ्या. तुमचा कच्चा दुवा हात आणि नजर हा असतो.

कला महाविद्यालयातून आला असाल तर साहित्याची ओळख तुम्हाला आधीच आहे. फायबरग्लासचा साचा काढलेल्या माणसाला तो कुठे तडकणार, याचा अंदाज असतो. तुम्ही रसायनशास्त्राची भर घाला. मुक्त विद्यापीठातून किंवा ऑनलाइन, पण गुणपत्रिका मिळेल असं.

इतिहास, पुरातत्त्व किंवा इतर शाखेतून असाल तर संग्रहालयशास्त्र हा मधला पूल आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विभाग १९५२पासून आहे आणि महाराष्ट्रातल्या मुलांना तो जवळही पडतो.

पुढचे टप्पे देशातच आहेत:

- पूर्वीची नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट, आताची नोएडातली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज. इथे संवर्धनातली पदव्युत्तर पदवी मिळते.
- लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला (स्थापना १९७६). इथे प्रशिक्षणवर्ग आणि कार्यशाळा होतात.
- वारसा-जतनाचं काम करणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्या संवर्धन प्रयोगशाळा. प्रत्यक्ष उपचार चालू असलेल्या टेबलाशेजारी बसायला मिळणं, हा इथला फायदा.
- मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र.

पात्रता, जागा आणि तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून संस्थेची चालू वर्षाची सूचनाच प्रमाण माना. दोन वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्या मित्राचं सांगणं नव्हे. आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. यातलं बरंचसं शिक्षण हस्तलिखितं, लघुचित्रं, दगड, धातू, लाकूड यांच्याभोवती फिरतं. समकालीन वस्तूंचं शिक्षण तुम्हाला त्यावर स्वतः रचावं लागेल. पाया मात्र तोच आहे. धातूचा गंज ज्याने वाचलाय, त्याला स्टीलच्या भांड्यांवरचे डाग वाचायला वेळ लागत नाही. सुबोध गुप्तांचं ‘लाइन ऑफ कंट्रोल’ अशाच भांड्यांचा उंच ढग आहे.

परदेशात जायचं असेल तर

ॲम्स्टरडॅम विद्यापीठात समकालीन कलेच्या संवर्धनाची वेगळी शाखा आहे. बर्नच्या कला विद्यापीठात आणि लंडनच्या यूसीएलमध्ये समकालीन कला व माध्यमं यांचा अभ्यास होतो. अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठाची इन्स्टिट्यूट ऑफ फाइन आर्ट्स आणि डेलावेअर विद्यापीठ-विंटरथर हे जुने, मानाचे अभ्यासक्रम आहेत. अर्ज करण्याआधी एवढं करा:

१. अमेरिकी अभ्यासक्रम रसायनशास्त्र, कलेतिहास, स्वतःचं हातकाम आणि प्रयोगशाळेत प्रत्यक्ष घालवलेले तास असं चौफेर मागतात. तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा आणि त्यावर देखरेख करणाऱ्याची सही घ्या.
२. शुल्कमाफी आणि विद्यावेतन याविषयी थेट विभागाला विचारा. काही ठिकाणी दोन्ही मिळतात, काही ठिकाणी काहीच नाही.
३. एजंटामार्फत जाऊ नका. वर्गात जेमतेम दहा-बारा मुलं असतात. प्राध्यापक ईमेलला उत्तर देतात.
४. परतल्यावर कुठे काम करणार, हे आधीच लिहून काढा. ‘बघू’ हे उत्तर कर्ज काढून जाणाऱ्याला परवडत नाही.

आज घरी सुरू करता येईल असं काम

या पेशाचं अक्षरज्ञान म्हणजे कंडिशन रिपोर्ट, वस्तूच्या आजच्या अवस्थेची नोंद. घरातली एखादी संमिश्र वस्तू घ्या. आजीच्या आरशाची कडा चालेल, जिच्यावर वर्षानुवर्षं टिकल्या चिकटवलेल्या असतात. पहिल्या दिवशी बहुतेक जण असं लिहितात:

‘आरसा जुना आहे. कडेच्या टिकल्या खराब झाल्या आहेत.’

यावरून कोणालाच काही कळत नाही. आता हे पाहा:

‘लाकडी चौकट, डावी कडा. खालच्या कोपऱ्यापासून ४ ते ११ सें.मी. या भागात ९ टिकल्या. त्यांपैकी ३ गहाळ. जागी पिवळट, चिकट ठसा, त्यात धूळ रुतलेली. ४ टिकल्यांचा मखमली थर कडेने उडालेला, खालचं प्लास्टिक उघडं. एक टिकली मूळ जागेवरून सुमारे २ मि.मी. खाली सरकलेली, मागे डिंकाची रेघ. तिरक्या प्रकाशात पाहिलं. स्पर्श केला नाही.’

दुसऱ्या नोंदीत ‘खराब’ हा शब्द नाही, तरी काय बिघडलंय ते नेमकं दिसतं. सरकलेली टिकली आणि मागची रेघ सांगते, की डिंक वाळण्याऐवजी मऊ पडलाय. म्हणजे शंका उष्णतेची किंवा दमटपणाची. उपचाराची दिशा नोंदीतूनच निघते. नोंदीसोबत पट्टी ठेवून फोटो काढा, तारीख घाला.

नाकालाही शिकवा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांना जुन्या फिल्मच्या डब्यातून येणारा व्हिनेगरचा आंबूस वास परिचयाचा असतो. तो सेल्युलोज ॲसिटेट विघटत असल्याचा वास. त्याच प्लास्टिकचं शिल्पही तसाच वास सोडतं, आणि पेटीतल्या शेजारच्या वस्तूंनाही ते आम्ल बाधतं.

कलावंताशी बोला, आणि लिहून घ्या

रविवर्म्याला विचारायला जाता येत नाही. समकालीन कलावंताला फोन करता येतो. ही या शाखेची मोठी सोय, आणि मोठा सापळाही, कारण माणूस चाळिसाव्या वर्षी एक सांगतो आणि सत्तराव्या वर्षी दुसरंच. म्हणून मुलाखत वेळेवर घ्या, ध्वनिमुद्रित करा आणि शक्य तर कलाकृतीसमोर बसूनच घ्या. विचारायचे प्रश्न:

- हेच साहित्य का? दुकान, कंपनी, घटक काही आठवतं?
- जुनं झालेलं चालेल का? कुठपर्यंत?
- कोणता भाग बदलला तर चालेल, कोणता अजिबात नाही?
- सुटे भाग, जादा टिकल्या, मोटरीचं मॉडेल कुठे ठेवलंय?
- तुमच्यानंतर निर्णय कोणी घ्यायचा?

मुलाखतीचं तंत्र शिकायला १९९९ साली सुरू झालेल्या ‘इन्का’ या समकालीन कला-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचं साहित्य जरूर अभ्यासा.

संशोधन: प्रश्न मुठीत मावेल एवढा घ्या

‘प्लास्टिकच्या शिल्पांचं जतन’ हा विषय घेऊन येणाऱ्याला मार्गदर्शक परत पाठवतात. ‘मुंबईच्या पावसाळ्यात बंद काचपेटीत ठेवलेल्या मखमली टिकलीचा डिंक किती दिवसांत सरकतो’ हा विषय घेऊन आलात, तर खुर्ची पुढे करतील. संशोधन साधारण तीन वाटांनी चालतं: साहित्य कशाचं आणि ते कसं बिघडतं, कोणता उपचार टिकतो आणि परत काढता येतो, निर्णय कोणी, कशाच्या आधारे घेतला.

साधनं महागच असली पाहिजेत असं नाही. अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली ब्रिटिश म्युझियममध्ये रूढ केलेली चाचणी पाहा. पेटीसाठी वापरायचं प्लायवूड, कापड किंवा रंग यांचा तुकडा तांबं, चांदी आणि शिसं यांच्या पट्ट्यांसोबत, थोडं पाणी घालून, बंद नळीत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचा. पट्ट्या डागाळल्या तर ते साहित्य वस्तूजवळ नको. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही हे जमतं. इन्फ्रारेड वर्णपटासारखी तपासणी लागली, तर जवळच्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाकडे नमुना कसा द्यायचा, ते विचारा.

आपल्याकडे विषयांची ददात नाही: किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत उघड्यावर उभं राहणारं फायबरग्लास, मृणालिनी मुखर्जी वापरत तसा गाठी मारलेला ताग, थर्माकोल, फ्लेक्स.

इथे पाय घसरतो

- झटपट डिंक. फेविक्विकने जोडलेला तुकडा मूळ पृष्ठभाग न दुखावता सोडवणं फार कठीण. संवर्धनात पॅरालॉइड बी-७२सारखी, ॲसिटोनने पुन्हा विरघळणारी रेझिनं वापरतात ती यासाठीच.
- विद्रावकाची घाई. तेच ॲसिटोन थर्माकोलवर पडलं तर डोळ्यांदेखत खड्डा पडतो. आधी साहित्य ओळखा, मग न दिसणाऱ्या कोपऱ्यात चाचणी घ्या.
- चकाकीचा मोह. पितांबरीने घासलेल्या कांस्यशिल्पाचा पृष्ठरंग गेला की कलावंताने दिलेली छटाही गेली.
- चुकीची बांधाबांध. वर्तमानपत्राची शाई, पीव्हीसीची मऊ पिशवी आणि रबरबँड ही तिन्ही साठवणुकीच्या खोलीबाहेर.
- दोन दिवसांत ‘सर्टिफाइड रिस्टोरर’. अशा वर्गाला ओळख म्हणून जा. पाटीवर ती पदवी लावू नका.
- जीवावर उदार होणं. टोल्युइनची बाटली उघडताना खिडकी उघडी होती, एवढ्याने भागत नाही. वाफा ओढून घेणारं यंत्र, योग्य हातमोजे आणि मास्क नसेल, तर नाही म्हणा.

तुमचे हक्क, आणि कलावंताचेही

या व्यवसायाला आपल्याकडे वकिलासारखी सनद नाही. त्यामुळे तुमचं संरक्षण म्हणजे कागद.

- प्रशिक्षणार्थी असाल तर कालावधी, विद्यावेतन, सुरक्षेची साधनं आणि अहवालावर तुमचं नाव, हे चारही मुद्दे रुजू होण्याआधी लेखी घ्या. ‘शिकायला मिळतंय ना?’ हे पगाराचं उत्तर नव्हे.
- स्वतंत्र काम करत असाल तर वस्तू पाहिल्याशिवाय भाव सांगू नका. पाहणी, अहवाल आणि उपचार यांचे पैसे वेगळे लावा. वस्तू ताब्यात घेताना मालकाची कंडिशन रिपोर्टवर सही घ्या. ने-आणीचा विमा कोणाचा, ते लिहा.
- कलावंताचा हक्क विकला जात नाही. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५७नुसार कलाकृती विकल्यानंतरही कलावंताला तिच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागता येते. अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं कांस्य भित्तिशिल्प १९७९ साली काढून गोदामात टाकलं गेलं. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये नुकसानभरपाई द्यायला सांगितलं. म्हणून मालक ‘रंग बदलून टाका’ म्हणाला, तर कलावंताची किंवा वारसांची लेखी संमती मागा.
- देशाबाहेर पाठवण्यापूर्वी पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ पाहा. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंसोबतच अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा नऊ कलावंतांची कामं कलानिधी म्हणून निर्यातीस बंद आहेत.

पोट भरतं का?

भरतं, पण सावकाश. सरकारी संग्रहालयांत पदं मोजकी आणि भरती रेंगाळणारी. खासगी स्टुडिओ, गॅलऱ्या, लिलावगृहं, कंपन्यांचे आणि घराण्यांचे संग्रह इथे काम अधिक मिळतं, तेही ओळखीतून. कोची-मुझिरिस बिएनालेसारख्या ठिकाणी मांडणीच्या दिवसांत मदतनीस म्हणून गेलात, तर तीन आठवड्यांत जितकी विचित्र सामग्री हाताखालून जाईल, तितकी वर्गात वर्षभरात जात नाही. सुरुवातीची चार-पाच वर्षं दुसरं उत्पन्न हाताशी ठेवा: फ्रेमिंग, दस्तऐवजीकरण, संग्रहाची यादी करून देणं. तिन्ही कामं याच पेशाकडे नेतात.

पुढच्या सहा महिन्यांचा बेत

१. पहिला महिना: घरातल्या एका वस्तूची नोंद, फोटोसह.
२. दुसरा: मुंबईची राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा किंवा पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा पाहा. कलाकृतीइतकंच दिवे, पेट्या, आर्द्रतामापक आणि खालची धूळ पाहा.
३. तिसरा: ओळखीतल्या एका कलावंताची वरच्या पाच प्रश्नांची मुलाखत.
४. चौथा: पॉलिमर रसायनाचं एक पाठ्यपुस्तक, रोज दोन पानं.
५. पाचवा: एका प्रयोगशाळेला पत्र, नोंद आणि मुलाखत जोडून. नुसत्या बायोडेटाला उत्तर येत नाही.
६. सहावा: पहिल्या महिन्यातली वस्तू पुन्हा घ्या आणि जुनी नोंद न वाचता नवी लिहा.

मग दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. वस्तू फारशी बदललेली नसेल. नोंद बदललेली असायला हवी. नसेल, तर कुठल्याही अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी आणखी सहा महिने थांबा.